फेरीबोटीवरचं लिंबू

गोव्यातल्या आमच्या वर्गात अकरावीला जडत्वाचा नियम शिकवून झाला होता. न्यूटनचे तिन्ही नियम मुलांना इंग्रजीत घडाघडा पाठ. तास संपायला पाच मिनिटं होती म्हणून मी विचारलं, "फेरीबोट रायबंदरहून चोडणला चालली आहे. वेग एकसारखा, पाणी शांत. तुम्ही हातातलं लिंबू नुसतं सोडलंत. कुठे पडेल?"

बावीसपैकी सतरा हात 'मागे'साठी वर गेले. शेवटच्या बाकावरून कोकणीत ठाम आवाज आला, "टीचर, फाटीं पडटलें. बोट मुखार वता न्हय?" मागेच पडणार, बोट पुढे जातेय ना?

त्यातली चार मुलं रोज त्याच बोटीने ये-जा करतात. बोटीवर कुणाच्या हातून पेन सुटलं तर पायापाशीच वाकून उचलतात. तरी त्यांचेही हात वर होते.

बारा वर्षं मी हा धडा शिकवते आहे आणि इतका साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, हे मला फार लागलं. आमच्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून नाहीतर कोकणीतून शिकतात. पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत सुरू होतं. 'इनर्शिया', म्हणजे जडत्व, वहीत उतरतो, पेपरात उतरतो, मार्कही मिळतात. वस्तू सोडली की ती मागे राहणार, ही लहानपणापासूनची समजूत मात्र आत जशीच्या तशी बसून असते. अर्थात दोष सगळा भाषेचा नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी असेच साधे प्रश्न दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला एरवी वाटतं तसं? त्यानंतर, १९९१ पासून, त्यांनी शिकवण्याची रीतच बदलली. आधी प्रश्न, मग प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. शिक्षकाने तोवर गप्प राहायचं.

मी गप्प राहिले. प्रत्येकाने आपलं उत्तर कारणासकट कागदावर लिहून सही केली. परवानग्या काढल्या आणि शनिवारी सगळे रायबंदरच्या धक्क्यावर जमलो. सोबत सहा लिंबं, दोरी आणि स्टीलच्या डब्याचं झाकण.

बोट सुटायच्या आधी फळ्यावर करतो तसं गणित कठड्याला टेकून केलं. सव्वा मीटरवरून सोडलेलं लिंबू खाली यायला अर्धा सेकंद घेतं. बोटीचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर 'मागे'वाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिंबू तब्बल एक मीटर मागे पडायला हवं. वाऱ्याने ढकललं असं म्हणायला एवढं अंतर पुष्कळ झालं. मग एका गवंड्याच्या मुलाने दोरीला चावी बांधून ओळंबा सोडला, चावीच्या बरोबर खाली झाकण ठेवलं आणि ओळंबा काढून घेतला.

बोट मांडवी नदीच्या मध्यावर आली. पावसाळ्यातलं तांबडं पाणी, इंजिनाची एकसुरी घरघर. त्याने लिंबू सोडलं.

टण्ण!

कुणी काही बोललं नाही. दुसरं लिंबू, टण्ण. तिसऱ्याला एका मुलीने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः सोडलं. टण्ण. स्कूटरवर बसलेले एक काका कौतुकाने बघत होते. चौथं त्यांनी सोडलं. चालत्या जहाजात वस्तू तशाच सरळ खाली पडतात, हे गॅलिलिओने १६३२ मध्ये लिहून ठेवलंय. ते मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. झाकणाचा आवाज पुरेसा होता.

"टीचर, पण हातातून सुटल्यावर त्याला पुढे कोण नेतं?" त्या मुलीने विचारलं. सगळा धडा याच प्रश्नात आहे. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

चोडणचा धक्का जवळ आला तशी बोट मंदावली. मुलगा लिंबं सोडतच होता. रॅम्प सिमेंटला खरखरत टेकला, सगळे किंचित पुढे झुकलो, आणि नेमक्या त्या क्षणी सुटलेलं लिंबू झाकण चुकवून वीतभर पुढे पडलं.

"वारं," कुणीतरी म्हणालं.

"वारं कसलं!" ती मुलगी जवळजवळ ओरडली. "लिंबाला कुणी नेत नव्हतं. ते आधीपासून चाललेलंच होतं. थांबली ती बोट!"

परतीच्या फेरीआधी मी पुन्हा हात वर करायला सांगितले. बोट धक्का सोडत असताना, वेग घेत असताना लिंबू सोडलं तर? या वेळी कुणी लगेच हात वर केला नाही. जोड्याजोड्यांनी तावातावाने बोलत राहिले, एकाने दप्तरातून वही काढून बाण काढले. मग बावीसच्या बावीस हात 'मागे'साठी वर गेले, म्हणजे चोडणच्या दिशेला.

इंजिन गुरगुरलं, बोट हलली. लिंबू दोन-तीन बोटं मागे सरकून झाकणाच्या अगदी कडेवर आदळलं आणि घरंगळत चोडणच्या बाजूला गेलं.