थंड हवं, गोठलेलं नको

“थंडच ठेवायचं ना?” आणणाऱ्याने विचारलं. आज कुत्र्याला चढवायच्या रक्ताची पिशवी दवाखान्यात आली ती थेट बर्फाच्या तुकड्यांवर बसून.

प्रश्न साधा, पण जिवावर बेतणारा. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत टिकतात. गोठल्या की फुटतात. त्यांच्यातलं लाल हिमोग्लोबिन प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पिवळसर द्रवात, उतरतं. गोचीडतापाने आधीच खंगलेल्या कुत्र्याला असं रक्त चढवलं तर मूत्रपिंडांवर घाला पडतो.

पिशवी आणि बर्फात कापडाची जाड घडी हवीच. पिशवी हलवण्याआधी वर साचलेला प्लाझ्मा बघा. लालसर दिसला तर ते रक्त वापरायचं नाही, कितीही घाई असो.

गोठवतात तो वेगळा काढलेला प्लाझ्मा, उणे १८ अंश किंवा त्याखाली.

तुमच्याकडे पिशवी कशातून येते?