ड्रॅगनच ना तो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या भिंतीवरच्या सिलेहकडे, म्हणजे कॉकेशसच्या बिनलवीच्या सपाट गालिच्याकडे, बोट दाखवून घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, ‘हे इंग्रजी एससारखं म्हणजे ड्रॅगनच ना?’ वीस वर्षं कॉकेशसच्या जुन्या विणींची डागडुजी करतेय, पण मला ‘हो’ म्हणवत नाही.

आकार कसा घडतो ते सांगू शकते. किलीममध्ये, म्हणजे सतरंजीसारख्या साध्या सपाट विणीत, दोन रंग उभ्या रेषेत भेटले की तिथे फट पडते, म्हणून कड पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी न्यावी लागते. सुमाख विणीत नक्षीचा धागा चार उभ्या धाग्यांवरून पुढे जातो आणि दोनांखालून मागे येतो. फट पडत नाही, नक्षीची वळणं हवी तशी घेता येतात. सिलेह या विणीचं.

सुरुवातीच्या काळात एकोणिसाव्या शतकातलं एक सिलेह माझ्याकडे आलं. दोन पट्ट्या वेगवेगळ्या विणून मधोमध शिवलेल्या. शिवणीपाशी आकार जुळत नव्हते. डावीकडची ओळ चार बोटं वर. मला वाटलं, नंतर कुणीतरी चुकीचं शिवलंय. ड्रॅगनांची रांग अशी तुटेलच कशी? अख्खी शिवण उसवली, पट्ट्या सरकवल्या, टोकाला वाढलेला भाग आत दुमडला आणि नव्या दोऱ्याने शिवलं. ग्राहक खूश.

आठवड्याने जुन्या दोऱ्याचा वीतभर तुकडा भिंगाखाली धरला. उभ्या धाग्यांचीच लोकर, तोच पीळ, तसेच पांढरा आणि तपकिरी असे दोन पदर. मूळचीच शिवण होती ती. तो चार बोटांचा फरक विणणारीच्या हातचा होता आणि तिने तो तसाच ठेवला होता. जुन्या भोकांतून परत शिवून देते, असं ग्राहकाला कळवलं. त्यांनी नको म्हटलं.

त्या वयातली मी अजून वाद घालते: पुस्तकांत ड्रॅगनच लिहिलं होतं. होतं ना. पण विणणारीला कुणी विचारलं होतं? आर्मेनियन, अझरबैजानी, कुर्द बायका शेजारशेजारच्या गावांत विणत होत्या. त्या सगळ्यांच्या मनात एकच प्राणी होता, हे मला पटत नाही. आणि तरी संध्याकाळी तिरका उजेड पडला की मलाही तिथे शेपूट दिसतं. असेलही ड्रॅगन.

ते सिलेह मात्र अजून तसंच आहे, मी जुळवून ठेवलेलं, त्यांच्या दिवाणखान्यात.