आमची वाटचाल : दगडाचा गाळ आणि घायपाताचा वाख

पुण्यात ओटे, जिने, उंबरे सगळं ग्रॅनाइटचं झालं. ते कापताना निघणारा राखाडी गाळ मात्र दुकानामागे साचतो, गटारं तुंबवतो, वाळला की उडतो. भोसरीतला आमचा पॉलिमर काँक्रीटचा छोटा कारखाना याच गाळावर उभा राहिला. गाळ फुकट मिळतो, पण आणायचा, वाळवायचा, चाळायचा खर्च आमचाच.

पॉलिमर काँक्रीटमध्ये सिमेंट नसतं आणि पाणीही नसतं. खडी, कच आणि दगडाची भुकटी (म्हणजे हाच वाळवून चाळलेला गाळ) रेझिनने, म्हणजे आळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बांधायची. कणाला जरा ओल राहिली तरी रेझिन नीट धरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात सगळं लक्ष भट्टीकडे. उन्हाळ्यात मिश्रण भराभर आळतं, म्हणून हार्डनर (रेझिन आळवणारं रसायन) बेताने घालून सकाळीच साचे भरतो.

रेझिन महाग, शिवाय पेट्रोलियममधून येणारं. भुकटी खडीमधल्या फटी भरते आणि तेवढं रेझिन वाचतं, हे तिचं खरं मोल. जास्त झाली तर मात्र तीच रेझिन पिऊन टाकते.

नुसता माल कडक असतो, पण ठिसूळ. म्हणून घायपाताचा वाख, म्हणजे पानांचे धागे, घालतो. सिमेंटमधला क्षार वाखाला हळूहळू खातो. रेझिनमध्ये ती भीती नाही. आधी तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात भिजवायचा, म्हणजे वरचा मेणकटपणा जाऊन धागा खरखरीत होतो. मग स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून पेराएवढे तुकडे करायचे. आमच्याकडच्या मावशी ते बोटांनी मोकळे करत मिश्रणात भुरभुरतात. एकदम टाकले तर गोळे होतात आणि आत हवा अडकते. वाकवून तोडायच्या चाचणीत साधी पट्टी खाडकन दोन तुकडे होते. वाखाच्या पट्टीला चीर पडते, तरी धागे दोन्ही बाजू धरून ठेवतात.

कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत आम्लाने सिमेंटची गटारं झिजतात. आमची गटारं आणि झाकणं अशाच जागांसाठी. तिथे भुकटी ग्रॅनाइटची किंवा आपल्या काळ्या पाषाणाचीच हवी. मार्बल आणि कोटा मुळात चुनखडी, ती आम्लात विरघळते. म्हणून प्रत्येक गोणीतल्या चिमूटभर भुकटीवर आम्लाचा थेंब टाकतो. फसफसली, की ती गोणी बागेतल्या बाकांच्या कामाला. तीव्र क्षाराचं पाणी वाहणार असेल, तर साधं पॉलिएस्टर रेझिन चालत नाही; त्याऐवजी लागणाऱ्या व्हिनिल एस्टर रेझिनचा दर गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर ते काम आम्ही घेत नाही.