फादर हेरास आणि ख्रिस्ती कला

माझं बोलणं संपलं की कुणी ना कुणी विचारतंच, "फादर हेरास तर सिंधू लिपीवाले. ख्रिस्ती कलेचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव कसं घेता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हेन्री हेरास मूळचे बार्सिलोनाचे, येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू. १९२२ साली ते मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवायला आले. विजयनगरच्या आरविडू घराण्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, सिंधू मुद्रांच्या वाचनात वर्षं घातली. ते वाचन आज फारसं कुणी स्वीकारत नाही. पण १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजात संशोधन संस्था काढली (आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते) आणि तिथं नाणी, शिल्पं, पोथ्या जमवताना ख्रिस्ती मूर्तीही जमवल्या. मला त्यांचं मोठेपण इथं दिसतं. या मूर्ती भारताच्या इतिहासाचा पुरावा आहेत, हे त्यांनी संग्रहातच मांडून दाखवलं.

सतराव्या शतकात गोव्यात घडलेला हस्तिदंती मेंढपाळ येशू कधी जवळून पाहा. दात बहुतेक आफ्रिकेचा, पोर्तुगीज जहाजांतून आलेला, विषय चर्चचा, हात इथल्या कारागिराचा. खडकाच्या माथ्यावर बाळ येशू बसलाय, गाल तळहातावर टेकवून, डोळे मिटून. मांडीवर एक कोकरू, खांद्यावर दुसरं. खाली झरा, त्यावर पाणी प्यायला आलेले पक्षी आणि अगदी तळाच्या गुहेत आडवी झालेली येशूची शिष्या मरिया मग्दालिया. त्या मिटल्या डोळ्यांत कित्येक अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्ध दिसतो, काहींना गुराखी कृष्ण. मला दोघंही दिसतात, आणि येशू कुठं कमी होत नाही.

हेरास जुन्या वस्तूंपाशी थांबले नाहीत, म्हणून तर मला ते अधिकच जवळचे वाटतात. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी मरियामातेला साडी नेसवली. गोव्यातल्या धर्मनिष्ठांना ते रुचलं नाही. फोन्सेका पुण्याला येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, रंगवत राहिले. त्या काळात त्यांच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांत हेरास होते. स्पेनमध्ये वाढलेला हा धर्मगुरू भारतीय ख्रिस्ती चित्रकाराला युरोपची नक्कल करू नकोस असं सांगत होता, आणि तेही पारतंत्र्याच्या दिवसांत!

हेरास १९५५ मध्ये मुंबईत वारले, फोन्सेका १९६७ मध्ये पुण्यात. फोन्सेकांची शेकडो चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. गोव्याला गेलात तर जुन्या गोव्याची चर्चेस पाहून झाल्यावर तिकडंही नक्की जा.