वर्षभर काय शिकवलं, टीचर?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला, म्हणजे नोव्हेंबरात इथे मिट्ट काळोख, वर्गात शेवटची तीन पोरं उरलेली नि मी टेबलं पुसतेय, तेव्हा दारात एक बाप येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, वर्स जालें, हाका एबीसी लेगीत बरोवंक येना. तुमी शिकयता तरी कितें?" म्हणजे वर्ष झालं, याला एबीसीसुद्धा लिहिता येत नाही.

इंग्लंडातल्या या अख्ख्या स्विंडनात मला 'टीचर' म्हणणारा हा एकटाच. बाकी सगळे, तीन वर्षांच्या पोरांपासून मॅनेजरपर्यंत, नुसत्या नावाने हाक मारतात. पहिले सहा महिने ते ऐकून मला कसंतरीच व्हायचं, कारण गोव्यात आमच्या पेडण्यात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा बाजारात 'टीचर, माशे खंय व्हरतात?' असंच विचारायची. स्विंडन म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही, तुमच्या वाड्यावरचंही एखादं घर इथे असेलच. आमचे सासरे एकसष्टच्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट, बाकीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आम्ही २०१७ मध्ये आलो. मी गोव्यात नऊ वर्षं मराठी बालवाडीत होते, इथे परत पहिल्यापासून लेव्हल थ्रीचा डिप्लोमा केला, पोलीस रेकॉर्डची तपासणी झाली, नि आता नर्सरीत तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गाची मुख्य आहे, रूम लीडर म्हणतात.

तर त्या बापाला मी काय सांगितलं? "अहो, तो आता कोटाची चेन स्वतःची स्वतः लावतो."

तोंडातून गेलं नि मीच चपापले. पेडण्यात कुणा टीचरने मला वर्षभराचा हिशोब म्हणून हे सांगितलं असतं तर आम्ही स्टाफरूममध्ये आठवडाभर हसलो असतो. त्यानेही तसंच बघितलं माझ्याकडे. चेन तर आम्ही घरी लावतोच की, म्हणाला, आणि पोराला उचलून गेला. बिचारा वेअरहाऊसची शिफ्ट करून आलेला, त्याचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

आता कोटाबद्दल सांगतेच, कंटाळा आला तर सरळ खाली जा. इथे मुलांना रोज बाहेर न्यायचंच असा नियम आहे. थंडी असो नाहीतर भुरभुर पाऊस असो, अगदी वादळबिदळ असेल तरच सुटका. म्हणजे वर्गात बावीस मुलं, दिवसातून दोनदा बाहेर, म्हणजे चव्वेचाळीस वेळा कोट घालायचे नि तेवढेच वेळा काढायचे, शिवाय गमबूट, शिवाय टोप्या, शिवाय ते हातमोजे ज्यातला एक कायम हरवलेला असतो. आणि हे सगळं मुलांनी करायचं. आपण बघायचं. पद्धत अशी की कोट जमिनीवर उताणा पसरायचा, कॉलर आपल्या पायाच्या बोटांकडे, म्हणजे कोट आपल्या बाजूने बघितला तर उलटा, मग वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झपकन डोक्यावरून मागे टाकायचा. कोट अंगात! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं, चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण कोट चुकीच्या बाजूने पसरला की टोपी ढुंगणावर येते, आणि ती रोज तिघाचौघांची येतेच.

चेनचं वेगळं. चेनची पिन खालच्या डबीत पूर्ण बसली पाहिजे, अर्धी बसली की वर ओढताना मधेच अडकते. एका हाताने खालचं टोक धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, दोन हातांनी दोन वेगळी कामं, साडेतीन वर्षांच्या बोटांना. हाच गोव्याचा पोरगा, त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी, मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. पिन घालतो, निसटते. घालतो, निसटते. जीभ बाहेर, कपाळाला आठ्या. बाकीची पोरं दुसऱ्या तायांबरोबर बाहेर गेली, मी त्याच्यापाशी जमिनीवर बसले, माझे हात मांडीखाली दाबून. खरंच दाबून, नाहीतर ते आपोआप पुढे जातात, वर्षानुवर्षांची सवय. मी फक्त एकदाच बोलले, "खाली घट्ट धर." बाराव्या मिनिटाला सर्रकन चेन वर गेली, थेट हनुवटीपर्यंत, आणि हनुवटीची कातडी चिमटली. रडला नाही. मी मात्र त्याचा फॉर्म भरला, कारण कितीही बारीक इजा असली तरी त्याच दिवशी आईबापांना कळवायची नि लिहून ठेवायची.

मग मला आमचा जून आठवला. तुम्हाला सांगायला नको, शाळा सुरू होते नि आभाळ फाटतं. पडवीत खिळ्यांना छत्तीस रेनकोट टांगलेले, त्याखाली पाण्याचं तळं, नि त्या प्लास्टिकचा नि ओल्या डब्यांचा तो वास. सुटायच्या वेळेला मी नि आमची मदतनीस दोघी दोन बाजूंनी सुरू व्हायचो, पोर समोर आलं की हात वर, रेनकोट आत, टकाटक बटणं, टोपी, चल, पुढचं. छत्तीस पोरं दहा मिनिटांत! बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, आया छत्र्या घेऊन उभ्या. एक पोर भिजून घरी गेलं नाही माझ्या नऊ वर्षांत. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण त्या छत्तिसातल्या एकाने तरी स्वतः बटण लावलं असेल का? नाही. मी लावूच दिलं नाही. लावू देणार कशी, सांगा.

हे इथल्या ट्रेनिंगमध्ये कुणाला समजावता येत नाही. तीन वर्षांवरच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, हा इथला कायदा (टीचरची पदवी असलेली कुणी असेल तर तेरा). दोन वर्षांच्यांना आधी चाराला एक होतं, सप्टेंबर २०२३ पासून पाचाला एक केलं तर केवढा आरडाओरडा झाला, मुलांच्या सुरक्षेचं काय वगैरे. मी मनात म्हटलं, बायांनो, या एकदा पेडण्यात. आठाला एक मिळाली असती तर मीही बसले असते हात मांडीखाली घालून. शांतपणा हा काही यांच्या रक्तात नाही, तो त्या आकड्यात आहे, एवढंच माझं म्हणणं. जमिनीवर बसून अकरा मिनिटं वाट बघायला उरलेल्या एकवीस पोरांपाशी तीन जणी लागतात.

नाहीतर विचार म्हणून हे काही मी इथे येऊन पहिल्यांदा ऐकलं असं नाही. पर्वरीला डीएडला होतो तेव्हा ताराबाई मोडक नि अनुताई वाघ पाठ केल्या होत्या, १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या पोरांसाठी बालवाडी, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, साहित्य काय तर बिया, पानं, शिंपले, माती. पाच मार्कांची टीप लिहायची नि विसरायची. इथे मागच्या वर्षी ट्रेनिंगला एक बाई आल्या नि 'लूज पार्ट्स' म्हणून टोपलीभर पाइनची बोंडं, झाकणं, बटणं, दगड मांडले, मुलांना तयार खेळणी नकोत, हे द्या. सगळ्या जणी फोटो काढतायत (नर्सरीच्या टॅबवर, आपले मोबाइल लॉकरमध्ये). मी म्हटलं, आमच्याकडे याला चिंचोके म्हणतात. कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलं नाही.

मुख्य म्हणून माझं काम काय विचाराल तर अर्धं काम मुलांशी नसतंच. सकाळी कोण आत, कोण बाहेर, कोण नॅपी बदलायला गेली की तिच्या जागी कोण, जेवताना सगळी पोरं नजरेत असतील असं कोण कुठे बसणार. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे झालीत ना, अ‍ॅलर्जीची यादी बघितली ना. प्रत्येक मुलामागे एक ठरलेली ताई असते, तिला त्या मुलाचं सगळं माहीत पाहिजे, ते बघणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्याला थांबवणं. माझ्या हाताखाली एकोणीस वर्षांची एक इंग्लिश मुलगी आहे, फार मायाळू, पोराने हुं केलं की कोट घालून देते. परवा तिला बाजूला घेऊन सांगावं लागलं की बाई, तुला चटकन जमतं ते त्याला जन्मात जमणार नाही अशाने. तिचं तोंड एवढंसं झालं. सांगताना माझ्या डोळ्यांसमोर ते छत्तीस रेनकोट. पगाराचं विचारू नका, शाळेतल्या टीचरइतका मुळीच नाही.

आता त्या बापाचा प्रश्न. शाळेआधीच्या लहान मुलांसाठी सरकारची चौकट आहे, ईवायएफएस, २००८ पासून, तीत आता शिकण्याची सात क्षेत्रं. त्यातली तीन पायाची: बोलणं-ऐकणं, शरीर, नि माणसांत वागणं. लिहिणं-वाचणं पुढच्या चारांत. अक्षरांचे आवाज पद्धतशीर शिकवतात ते रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गात, चार पूर्ण झाल्यावर. चेन ओढणारी बोटं तयार झाली की पेन्सिल धरतात, हे मी त्याला सांगायला हवं होतं, नि ते सुचलं बसमध्ये बसल्यावर.

पण त्या नियमात आणखी एक ओळ आहे, तिच्यामुळे मला खरी झोप लागली नाही एकदा. ज्या मुलाची घरची भाषा इंग्रजी नाही त्याला खेळताना-शिकताना ती वापरायची संधी द्या, असं लिहिलेलं आहे. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, त्या मुलाशी कोकणीतून बोलत जा. म्हणजे बघा. आमच्या गावातल्या मराठी बालवाडीची पोरं माझ्या डोळ्यांदेखत कमी कमी होत गेली, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकला अनुदान मिळालं तेव्हाचे मोर्चे आठवतात, कोकणीवाले नि मराठीवाले जन्मात पहिल्यांदा एका बाजूला उभे होते, मीही पणजीला जाऊन घोषणा दिल्या. आणि आज एक गोरी बाई मला पगार देऊन सांगतेय की पोराशी घरच्या भाषेत बोल. (आमची मुलगी देवनागरी वाचत नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर जाऊबाई खाली लिहितीलच.) त्या पोराची कोकणी सासष्टीची नि माझी पेडण्याची, अर्धे शब्द जुळत नाहीत, पहिल्या दिवशी तो माझ्याकडे संशयाने बघत होता. पण रडायचा तेव्हा "यो बाबा, यो" म्हटलं की येऊन बसायचा, ते कुठल्याच तालुक्यात वेगळं नाही.

जाऊबाई सावंतवाडीच्या, त्यामुळे आमच्या घरात मराठी-कोकणीची खिचडी आधीपासूनच. त्यांचा धाकटा म्हापशाला केजीत आहे, चार वर्षांचा. रविवारी व्हिडिओ पाठवला, रेघांच्या वहीत पूर्ण पानभर ए ते झेड, एकही उलटं नाही. "बघा हो वहिनी, तुमच्या पोरांना येतं का?" सुंदर अक्षर होतं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच व्हिडिओच्या शेवटी त्याची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या तोंडात चपातीचा तुकडा भरवताना दिसतात, तो लिहितोय नि त्या भरवतायत. मी लिहिलं, "मस्त, हुशार आहे." चेनबिन काही काढलं नाही.

सोमवारी तो बाप परत आला. पोरगा कोट पसरून बसला होता, बाप घाईत, वाकला नि चेन धरली. "ना! हांवच करतां." हात ढकलला त्याने बापाचा. बाप माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीकडे बघितलं. पाच मिनिटं गेली असतील, बाहेर गाडीत त्याची बायको दिवे मारत होती. चेन लागली. बाप काही बोलला नाही, जाताना दारातून "टीचर, येतां" एवढंच म्हणाला.

आणि मंगळवारी सकाळी आमच्याकडे उशीर झाला. बस सात एकोणचाळीसची. आमची मुलगी नऊ वर्षांची, पॅसेजमध्ये एक हात बाहीत घालून काहीतरी गाणं म्हणत उभी. मी तिला धरली, दुसरा हात कोंबला, खाली वाकून पिन बसवली नि चेन सर्रकन हनुवटीपर्यंत.

"आई, नर्सरीत पण तू असंच करतेस?"

"चल गो, बस जाईल."