पंधरा फुटांची नदी

आमच्या विहिरीची खोली पस्तीस फूट. उन्हाळ्यात मोटर वर काढायची म्हटलं की चार गडी लागतात आणि आई काठावरून ‘पाय जपून टाका रे’ म्हणत राहते. यंदा दोर धरून उभा होतो, पण डोक्यात सेनिओ होती.

सेनिओ उत्तर इटलीत आहे. नावाला नदी; दुसऱ्या महायुद्धात जिथे आपली पोरं लढली तिथे पात्र १५ फूट, पाणी चार-पाच फूट. आमच्याकडे याला ओढाच म्हणतील. पण दोन्ही काठांवर पुरासाठी घातलेले बांध ३० ते ३५ फूट उंच, म्हणजे आमची विहीरच. बांधांच्या पोटात जर्मनांनी मशीनगनची ठाणी कोरलेली, त्यांच्या वर सुरुंग पेरलेले. दोस्त राष्ट्रांची आठवी आर्मी सगळा हिवाळा इथे अडून होती. ९ एप्रिल १९४५ ला आधी विमानांनी आणि तोफांनी काठ भाजून काढला, मग संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती.

नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या, वय २३. तुकडी पलीकडच्या काठाला लागली आणि गोळ्या आल्या त्या पाठीमागून, ओलांडून आलेल्या बांधाच्या आतल्या अंगाने. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी झाले, बाकीचे जागीच गेले. नामदेव तेवढा धड. त्याने एका जखमीला उचललं, पाण्यातून आणलं, सुरुंगांमधून तो उभा बांध चढवला. परत खाली गेला, दुसऱ्याला आणलं. इथे थांबला असता तरी कुणी बोल लावला नसता. तो तिसऱ्यांदा उतरला. टॉमीगनने एक ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. ते संपल्यावर सरपटत वर जाऊन सोबत्यांकडून आणखी आणले. आणखी दोन ठाणी संपवली, आणि मग तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरलाही मिळाला. हे नाव आपल्याकडे सहसा कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

पुढचं भराभर झालं. सांतेर्नो नदी, आर्जेंताची चिंचोळी वाट, २१ ला बोलोन्या शहर. जर्मन सेनापती पो नदीमागे हटायची परवानगी मागत होते, हिटलरने ती दिली नाही. मग पळापळीत तोफा-गाड्या पोच्या अलीकडेच राहिल्या. २९ एप्रिलला कासेर्ताला शरणागतीवर सह्या झाल्या आणि २ मे रोजी इटलीतलं युद्ध थांबलं. बर्लिनच्या लढाईपुढे हे सगळं आपल्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

९ एप्रिल ते २ मे. सेनिओत पडलेल्या त्या पोरांना आणखी तेवीस दिवस मिळायला हवे होते.