दिवाळीच्या तोंडावर फूड इन्स्पेक्टर आले, माझा अनुभव

आमचं फराळाचं छोटं युनिट आहे. दिवाळीच्या तोंडावर अन्न सुरक्षा अधिकारी न कळवता आले. तपासणीबद्दल माझं काही म्हणणं नाही, व्हायलाच पाहिजे. लायसन्स, बायकांचे मेडिकल, पाण्याचा रिपोर्ट सगळं पटापट बघून झालं. मग तेलात भेसळीचा संशय म्हणून नमुना घेतला आणि उरलेले डबे सील करून आमच्याच गोडाऊनला ठेवले, रिपोर्ट येईपर्यंत हात लावायचा नाही.

खरा त्रास इथून पुढे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अन्न विश्लेषकाने, म्हणजे लॅबमध्ये नमुना तपासणाऱ्याने, रिपोर्ट द्यायचा असं आहे. ते दिवस उलटून गेले, फोन केला की "लॅबकडून आला नाही", प्रत्यक्ष गेलं की साहेब दौऱ्यावर, आणि टेबलावरचा माणूस मानसुद्धा वर न करता "आला की कळवू". इकडे चकलीच्या ऑर्डरी घेतलेल्या, भाजणी दळून तयार, आणि पैसे भरलेलं तेल डोळ्यासमोर सीलबंद. दुसरं तेल उधारीवर आणून दिवाळी काढली, ते अजून डोक्यातून जात नाही.

शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला. नमुन्याचा कोड नंबर, तारीख, रिपोर्टची प्रत मिळावी, डबे मोकळे करण्याचा आदेश मिळावा, एवढंच. आणि झेरॉक्सवर आवक नंबर अन् शिक्का घेतल्याशिवाय मी तिथून हललेच नाही. शिक्का मारल्यावर त्याच माणसाने फाइल काढली तर रिपोर्ट आत लावलेला! तेल प्रमाणित. अहो मग कळवायला काय झालं होतं? वर "आता वापरा तुम्ही" असं तोंडीच सांगायला लागले, मी म्हटलं लेखी द्या. तोंडी ऐकून सील कधीच तोडू नका.

कोड नंबर कुठून मिळाला? नमुना घेताना फॉर्म ५-अ देतात त्यावरून, तो जपून ठेवा. आणि हो, नमुन्याचे चार भाग करतात, त्यातला चौथा मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं आपण मागू शकतो, पण ते तिथेच लेखी सांगायचं. मी सांगितलं होतं. नमुन्याची किंमतही नेहमीच्या विक्रीच्या दराने त्यांनी द्यायची असते, बिल फाडा, संकोच करू नका. रिपोर्ट विरोधात आला तर ३० दिवसांत अपील करता येतं, म्हणून प्रत हातात पडली ती तारीख लिहून ठेवा.

आत घेण्याआधी ओळखपत्र बघायचं हे राहिलंच सांगायचं. आमच्या सुनंदाताईंनी दारातच मागितलं, अधिकाऱ्यांनीही लगेच दाखवलं. मालक बाहेर असला तर पहिल्यांदा कोण बोलणार, फाइल कुठल्या कपाटात आहे, हे कामावरच्या प्रत्येकीला माहीत पाहिजे.